पहाटे पाचची गस्त

स्टील, सीड्स आणि मोसंबीच्या जालन्यात दोन दिवस. सोबत एक पोलीस भरतीवाली मामेबहीण, एक आजी आणि 'कपडे कोण मोजणार' हा प्रश्न.

"वीकेण्डला कुठे?"

"जालना."

फोनवर तीन सेकंद शांतता. मग हळूच, "कोणी... गेलं का गं?"

पुण्या-मुंबईच्या मित्रमैत्रिणींना माथेरान कळतं, अलिबाग कळतं, गोवा तर पाठच असतं. पण सुखासुखी कोणी जालन्याला जाईल हे त्यांना पटत नाही. माझं आजोळ आहे म्हटल्यावर थोडी सहानुभूती मिळते, इतकंच. पण बॉस, जालना सॉलिड शहर आहे. 'जालना, सोने का पालना' असं उगाच म्हणत नाहीत. इथल्या रिरोलिंग मिल्समधून निघणाऱ्या सळया तुमच्या टू बीएचकेच्या स्लॅबमध्ये असू शकतात. इथल्या बियाणं कंपन्यांची पाकिटं महाराष्ट्राबाहेरही पेरली जातात. आणि मोसंबी? तिला तर जीआय टॅगच मिळालाय.

मुंबईहून वंदे भारत पकडली. २०२३ च्या ३० डिसेंबरला ही गाडी जालन्यापर्यंत सुरू झाली, २०२५ मध्ये ती पुढे नांदेडपर्यंत गेली. दुपारी एसीत बसा, रात्री जेवायला मामाकडे. लहानपणी याच प्रवासाला पूर्ण रात्र लागायची आणि सकाळी चेहऱ्यावर खिडकीच्या गजांचे ठसे असायचे. स्टेशनवर मामा हजर. सोबत त्याची जुनी स्प्लेंडर. माझी सॅक पेट्रोलच्या टाकीवर, मी मागे, आणि गाडी जुन्या जालन्याकडे.

घरात शिरताच मामीने पाणी दिलं, आजीने गालावरून हात फिरवला, आणि मामेबहिणीने जाहीर केलं, "ताई, उद्या पहाटे पाचला उठायचं हां. तू माझा टाइम लावणार आहेस."

कसला टाइम? तर आठशे मीटरचा.

मैदानावर

ही मामेबहीण वीस वर्षांची. बी.ए. शेवटचं वर्ष आणि पोलीस भरतीची तयारी. मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी पहाटे जाऊन बघा, रस्त्याच्या कडेने पोरंपोरी पळताना दिसतील. शिपाई भरतीला मुलींसाठी आठशे मीटर, शंभर मीटर आणि चार किलोचा गोळा. उंची १५५ सेंटिमीटर हवी. मैदानाचे पन्नास मार्क, मग लेखी शंभराची. जालन्यात तर या स्वप्नाला पत्ताच आहे. राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ३ इथे, पोलीस प्रशिक्षण केंद्रही इथेच. त्यामुळे खाकी इथे टीव्हीवर नाही, भाजीबाजारात दिसते.

पहाटे पाच म्हणजे काळोख. बहीण ट्रॅक पँट आणि टी-शर्टमध्ये, केस घट्ट बांधलेले. मी जांभया देत मोबाइलचा स्टॉपवॉच सुरू केला. ती सुटली. आणि तिच्या मागे वीस पावलांवर, पहिल्या गिअरमध्ये, हेडलाइट लावून मामाची स्प्लेंडर!

"हे काय?" मी मामाला नंतर विचारलं.

"गस्त," मामा हसत म्हणाला. "कुत्री असतात, टवाळ पोरं असतात. आणि..." पुढचं त्याने गिळलं.

पुढचं मामीने चहाबरोबर सांगितलं. सुरुवातीला पोरगी सहा-साडेसहाला पळायची. भरतीच्या क्लासवाल्या सरांनी सांगितलं म्हणून गुडघ्यापर्यंतची शॉर्ट्स घालायची. आठ दिवसांत गल्लीतल्या दोघी-तिघी येऊन बसल्या. "वहिनी, पोरगी अर्ध्या चड्डीत पळू लागली. बरं दिसतं का?" मग शॉर्ट्सची ट्रॅक पँट झाली. मग साडेसहाचे पाच झाले. उजाडायच्या आत पळून घरात, म्हणजे कोणाच्या डोळ्याला त्रास नको.

जरा विचार करा. उजेडात पळणं सुरक्षित. पण उजेडात कपडे दिसतात, म्हणून पोरगी अंधारात पळते. आणि अंधार धोक्याचा, म्हणून बाप पेट्रोल जाळत मागे फिरतो! हे गणित कोणी बसून केलेलं नाही. आपोआप झालंय. म्हणूनच ते जास्त चिवट आहे.

इर्शाद, इर्शाद!

'गस्त' हा शब्द डोक्यात फिरायला लागला. तो आपल्याकडे फारसीतून आला. मराठवाड्यात 'गश्ती' असंही म्हणतात. निजामाच्या काळात सभाबंदी करणारं एक परिपत्रक होतं, त्याला आजही जुने लोक 'गश्ती निशाण ५३' म्हणतात. आणि 'इर्शाद'? मुशायऱ्याला गेलेल्या कुणालाही विचारा. शायराने पहिली ओळ टाकायच्या आधी श्रोते ओरडतात, इर्शाद! म्हणजे होऊ द्या, फर्मावा.

आता हे दोन शब्द एकत्र करा. गश्त-ए-इर्शाद. मार्गदर्शनाची गस्त. इराणमधल्या नैतिक पोलिसांचं हे नाव. आमच्या दोन ओळखीच्या, घरगुती शब्दांची ही जोडी. साधारण २००६ पासून या पथकाच्या गाड्या तेहरानच्या चौकांत उभ्या राहायच्या. डोक्यावरचा रुमाल मागे सरकलाय, कोट आखूड आहे, पँट घट्ट आहे, असं वाटलं की बाईला गाडीत घालून ठाण्यात न्यायचं. मार्गदर्शनासाठी.

२०२२ च्या १३ सप्टेंबरला असंच मार्गदर्शन करायला त्यांनी महसा अमिनीला उचललं. घरच्यांच्या तोंडचं नाव जिना. वय २२. कुर्दिस्तानातल्या सक्केझ गावची पोरगी, भावाबरोबर तेहरानला आलेली. कोठडीत ती कोसळली, १६ तारखेला हॉस्पिटलात गेली. १७ सप्टेंबरला तिच्या गावी दफन झालं आणि तिथेच बायकांनी डोक्यावरचे रुमाल काढून हवेत फिरवले.

१७ सप्टेंबर. जालन्यात ही तारीख शाळेतलं पोरही सांगेल. १९४८ साली याच दिवशी हैदराबाद संस्थान भारतात आलं. म्हणून मराठवाड्यात हा मुक्तिसंग्राम दिन. २०२२ च्या त्या सकाळी आमच्याकडे मुक्तीचं पंचाहत्तरावं वर्ष सुरू झालं म्हणून झेंडे लागले होते. त्याच दिवशी तिकडे सक्केझच्या कबरस्तानात रुमाल उडत होते. योगायोगच. पण मामाच्या गच्चीवर बसून आठवला तेव्हा अंगावर काटा आला.

आणि एक गंमत. गंमत कसली, शोकांतिकाच. याच इराणमध्ये १९३६ साली रझा शाहने उलटा हुकूम काढला होता. बुरखा, चादोर बंद! तेव्हा पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरचं ओढून काढायचे. कित्येक जणींनी घराबाहेर पडणंच सोडलं. १९७९ च्या क्रांतीनंतर काटा दुसरीकडे गेला. ८ मार्च १९७९ ला हजारो बायका विरोधात रस्त्यावर आल्या, तरी १९८३ च्या कायद्याने उघड्या डोक्याला ७४ फटके ठरले. म्हणजे पन्नास वर्षांत तेच पोलीस, तेच डोकं, तोच कापडाचा तुकडा. एकदा काढायचा, एकदा घालायचा. बाईला काय हवंय हे दोन्ही वेळा विचारायचं राहूनच गेलं.

अफगाणिस्तानात तर तालिबानने मे २०२२ मध्ये चेहरा झाकायचा हुकूम काढला आणि शिक्षा बाईच्या बापाला, भावाला, नवऱ्याला ठेवली. म्हणजे घरातल्या प्रत्येक पुरुषाला आपोआप पोलिसात भरती. फिजिकल नाही, लेखी नाही, डायरेक्ट जॉइनिंग!

जालन्याचे जुने पाहुणे

दुपारी ऊन उतरल्यावर बहिणीबरोबर स्कूटीवरून गाव बघायला निघाले. निघताना मामीने ओरडून आठवण केली, "आगं, स्कार्फ बांधून जा, उन्हाचं जाऊ लागल्या का तशाच?" मग काय, डोक्यापासून हनुवटीपर्यंत सुती स्कार्फ, वर गॉगल, हातात कोपरापर्यंत मोजे. मराठवाड्यातल्या उन्हात स्कूटीवरची प्रत्येक मुलगी अशीच असते. फक्त डोळे. तेही गॉगलमागे! बाहेरून कोणी आलं तर त्याला वाटेल, इथे काय कायदा आहे की काय. कायदा सूर्याचा. घरी गेलं की स्कार्फ खुंटीवर. कोणी विचारत नाही का काढला.

कादराबाद, सदर बाजार, गांधी चमन, मोती बाग. जालना ही नदीच्या दोन काठांवरची दोन गावं आहेत. जुनी काळी मशीद आणि सराई जमशेद खानाच्या नावाने ओळखली जाते. गढी १७२५ ची, निजाम आसफजाहच्या हुकमाने काबील खानाने बांधलेली. अकबराचा लाडका अबुल फजल इथे राहून गेल्याचं जुन्या गॅझेटियरात आहे. शिवाजी महाराजांची शेवटची मोठी मोहीमही जालन्याचीच, १६७९ च्या नोव्हेंबरातली. परतताना संगमनेरजवळ मोगलांनी गाठलं, आणि बहिर्जी नाईकांनी आडवाटेने पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेलं, ती. आणि दख्खनच्या सुभेदारीत औरंगजेबही इथे मुक्कामाला यायचा.

आता औरंगजेब म्हटलं की भांडणच सुरू होतं. मला मात्र त्याचा एक कमी माहितीचा अधिकारी आठवतो. मुहतसिब. बादशहा झाल्यावर १६५९ मध्ये औरंगजेबाने मुल्ला इवाज वजीह याला या पदावर नेमलं. काम काय? तर दारू, भांग, जुगार, आणि एकूण लोकांचं वागणं धर्माला धरून आहे की नाही यावर नजर. नैतिक पोलीसच म्हणा ना.

निकोलाव मनुची नावाचा एक इटालियन तेव्हा हिंदुस्थानात होता. गप्पिष्ट माणूस, त्यामुळे त्याचं सगळंच खरं मानू नका. पण त्याचा एक किस्सा भन्नाट आहे. म्हणे, औरंगजेबाने हुकूम काढला की बायकांनी दारू प्यायची नाही, आणि पुरुषांसारख्या घट्ट विजारी घालायच्या नाहीत, रुंद घालायच्या. त्याची बहीण जहाँआरा, बेगमसाहिब, हिला ते रुचलं नाही. तिने काय करावं? काजी आणि मुल्लांच्या बायकांना मेजवानीला बोलावलं आणि दारू पाजली. बादशहा भेटीला आला तेव्हा पडदा सरकवून दाखवलं, या बघा तुमच्या नियम करणाऱ्यांच्या घरच्या. सगळ्या झिंगलेल्या, आणि त्याही घट्ट विजारींत!

साडेतीनशे वर्षांपूर्वीचा किस्सा. पण पँट घट्ट की सैल, यावर राज्याचा वेळ खर्च होणं काही नवीन नाही, एवढं त्यातून कळतं.

आणि हे एकाच धर्माचं दुखणं आहे असं वाटत असेल तर जरा गोव्याकडे बघा. तुमच्या-माझ्या फेव्हरिट गोव्याकडे. तिथे १५६० पासून इन्क्विझिशन होतं, ते कायमचं संपलं १८१२ मध्ये. त्यांच्या १७३६ च्या जाहीरनाम्यात बाटलेल्या ख्रिस्ती लोकांनी काय काय करायचं नाही याची लांबलचक यादी होती. दारात तुळस लावायची नाही. भात मिठाशिवाय शिजवायचा नाही. पुरुषांनी धोतर नेसायचं नाही आणि बायकांनी हिंदूंसारखी चोळी घालायची नाही. त्रावणकोरच्या हिंदू राज्यात नाडार बायकांना छाती झाकायचा हक्क मिळवायला १८५९ पर्यंत झगडावं लागलं. एकीकडे 'चोळी घालू नका', दुसरीकडे 'अंग झाकू नका'. हुकूम वेगवेगळे. अंग मात्र बाईचंच.

"कपडे बघायची ड्यूटी नाही"

दुसऱ्या दिवशी दर्शनाला गेलो. देव आणि गाव दोन्हींची नावं सांगत नाही, कारण मुद्दा देवाचा नाही. जालना जिल्ह्यात देवस्थानांना तोटा नाही. राजूरचा गणपती, अंबडची मत्स्योदरी, समर्थांचं जन्मगाव जांब. त्यातलं तुमचं लाडकं कोणतंही समजू नका.

गर्दी होती. बहीण मैदानावरून थेट आलेली, म्हणून ट्रॅक पँटमध्येच. मी जीन्स-कुर्त्यात. रांगेच्या तोंडाशी सभ्य पोशाखाची विनंती करणारा बोर्ड. तिथल्या एका स्वयंसेवक काकांनी मला सोडलं, तिला थांबवलं. "पोरी, असं नाही चालत. ओढणी घे नाहीतर साडी नेसून ये." ती ओशाळली. मी तोंड उघडलं. (माझं तोंड उघडायला फार काही लागत नाही.) आवाज चढले. काकांनी शेजारी बंदोबस्ताला उभ्या असलेल्या हवालदाराला हाक मारली, "साहेब, जरा सांगा ना ह्यांना!"

हवालदार पन्नाशीचा. घामाने भिजलेला. त्याने आमच्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं, आणि म्हणाला, "मी रांगेच्या बंदोबस्ताला हाये. कपडे बघायची ड्यूटी नाही लावली मला."

संपलं. काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

मला वाटलं, जिंकलो! पण बहिणीने शांतपणे पर्समधून तोच उन्हाचा स्कार्फ काढला, कमरेभोवती गुंडाळला, आणि रांगेत उभी राहिली. बाहेर आल्यावर मी तिच्यावर भडकले. एवढा पोलीस आपल्या बाजूने होता आणि तू...

"ताई, मला दर्शन घ्यायचं होतं. भांडण नव्हतं घ्यायचं," ती म्हणाली. "काकांनी विनंती केली, मी ऐकली. मनात असतं तर परत फिरले असते. पण हवालदारानं हात धरला असता तर? मग माझ्याकडं काय राहिलं असतं?"

वीस वर्षांची पोरगी. मास कॉमच्या तीन सेमिस्टरमध्ये मला जे कोणी इतकं सोपं करून सांगितलं नाही, ते तिने चपला घालता घालता सांगितलं.

आपल्या इथलं काय?

देवळांच्या पोशाखाचे नियम महाराष्ट्रात नवे नाहीत. वेरूळच्या घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना शर्ट-बनियन काढूनच जावं लागतं, आणि कोणी तक्रार करत नाही. पण गेल्या काही वर्षांत बोर्ड वाढले. २०२० च्या डिसेंबरात शिर्डीत सभ्य पोशाखाचं आवाहन करणारा फलक लागला. संस्थानने सांगितलं, सक्ती नाही, विनंती आहे. तृप्ती देसाई तो काढायला निघाल्या तेव्हा त्यांना शिर्डीत यायला बंदी घातली गेली, आणि १० डिसेंबरला पोलिसांनी वाटेत सुप्यालाच ताब्यात घेतलं. २०२३ च्या मे महिन्यात तुळजापूरला ड्रेस कोडचे बोर्ड लागले आणि ओरड झाल्यावर त्याच दिवशी उतरले. त्याच महिन्यात नागपूरच्या चार देवळांनी नियम केला. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईच्या सिद्धिविनायकानेही.

देवस्थानचा बोर्ड मला आवडो न आवडो, तो बोर्ड आहे. वाचून परत फिरता येतं. त्यावर वाद घालता येतो. तुळजापूरसारखा तो काढायलाही लावता येतो. खरी भीती त्या क्षणाची, जेव्हा बोर्डाच्या मागे काठी येऊन उभी राहते.

आणि काठी आपल्याकडे अगदीच आली नाही असं नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईत मालवणी-मढच्या हॉटेलांवर धाड टाकून पोलिसांनी चाळीसेक जोडप्यांना उचललं. सज्ञान माणसं, बंद खोलीत, आणि आरोप काय तर सार्वजनिक असभ्य वर्तन! बोभाटा झाला, पोलीस आयुक्तांना चौकशी लावावी लागली. मे २०२३ मध्ये नागपूर जिल्ह्यात उमरेडजवळच्या एका रिसॉर्टवर धाड पडली. आखूड कपड्यांत नाचणाऱ्या मुली बघून पोलिसांनी अश्लीलतेचा गुन्हा नोंदवला. ऑक्टोबरात हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. न्यायमूर्तींचं म्हणणं साधारण असं, की आखूड स्कर्ट घालणं किंवा नाचणं एवढ्यावरून अश्लीलता ठरवणं म्हणजे संकुचितपणा, आणि असला निवाडा पोलीस अधिकाऱ्याच्या वैयक्तिक मतावर सोडता येणार नाही.

दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. चेंबूरच्या एका कॉलेजने बुरखा, हिजाब, टोपी बंद केली. जून २०२४ मध्ये हायकोर्टाने कॉलेजची बाजू उचलून धरली, पण ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने हिजाब-टोपीपुरती त्या बंदीला स्थगिती दिली. न्यायमूर्तींनी विचारलं, उद्या टिकली लावू नका म्हणाल का? ट्रॅक पँटवरून जिला अडवतात तिच्यासाठी मी भांडणार, आणि रुमालावरून जिला अडवतात तिच्यासाठी गप्प बसणार, असं कसं चालेल? मोजपट्टी तीच. काकांच्या हातात फक्त दुसरं टोक.

आजी आणि दगडाबाई

रात्री आजीला सगळा किस्सा सांगितला. आजी चौऱ्याऐंशीची. पोलीस ॲक्शनच्या वेळी सातेक वर्षांची होती. तिच्या तोंडी अजून तो काळ म्हणजे 'मोगलाई'. रझाकार येणार अशी हूल उठली की बायापोरी कशा माळवदावर लपायच्या ते ती अजून कुजबुजत्या आवाजात सांगते.

"आजी, मोगलाईत पोलीस पदराबिदराला काही म्हणायचे का गं?"

आजी हसली. बोळक्या तोंडाने, मनापासून.

"पदराला पोलीस कशाला लागतो? सासू पुरत होती की!"

सगळे हसले. मामीसुद्धा. पण मग आजीनेच विषय बदनापूरकडे वळवला. बदनापूर तालुक्यातलं धोपटेश्वर, जालन्यापासून तासाभराच्या आत. तिथल्या दगडाबाई शेळके. मुक्तिसंग्रामात हातबॉम्ब टाकणारी, घोड्यावर मांड ठोकणारी बाई. मराठवाड्याची झाशीची राणी म्हणायचे त्यांना. शिकलेल्या नव्हत्या. पुरुषी वेश करून रझाकारांच्या डोळ्यांत धूळ फेकायच्या, असं इकडे आजही सांगतात. २०१३ मध्ये वयाच्या नव्वदीनंतर त्या गेल्या.

"तिला कुणी म्हणलं नसंल, बरं दिसतं का?" बहिणीने विचारलं.

"म्हणलं असंल की," आजी म्हणाली. "तिनं ऐकलं नसंल."

मग बराच वेळ कोणी बोललं नाही. पंख्याचा आवाज तेवढा. बहीण माझ्याकडे वळली. "ताई, मी भरती झाले. आणि उद्या वरून ऑर्डर आली, की चौकात उभी राहा आणि पोरींचे कपडे बघ. तर?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते पुण्यातल्या कॅफेत बसून द्यायचं उत्तर होतं. राजीनामा दे म्हणणं सोपं. ज्या घराने दोन एकरांवर क्लासची फी भरली, बापाने वर्षभर पहाटे गाडी चालवली, त्या घरातल्या पोरीला नोकरी सोड म्हणायचं?

उत्तर मामाने दिलं. तो तोपर्यंत पेपर वाचतोय असं आम्हाला वाटत होतं.

"त्या हवालदारानं काय केलं?" तो म्हणाला. "नोकरी सोडली का त्यानं? भाषण केलं का? नाही ना? फक्त म्हणला, ही माझी ड्यूटी नाही. तेवढं म्हणायला शिक. लई झालं."

तीन मिनिटांच्या आत

शेवटच्या दिवशी पहाटे मला बहिणीने उठवलं नाही. जाग आली तेव्हा सहा वाजून गेले होते. अंगणात ती बूट बांधत होती.

"आज उशीर?"

"उशीर नाही. आजपासून साडेसहाच."

मामी ओट्याजवळ उभी. काही बोलली नाही. फक्त मामाला म्हणाली, "गाडी नका काढू. पेट्रोल किती महागलं." मामाने चावी परत खुंटीला लावली. स्कार्फच्या शेजारी.

मैदानावर ऊन यायला लागलं होतं. फिरायला आलेले चार म्हातारे, क्रिकेटवाली पोरं, आणि भरतीवाल्या अजून पाच-सहा जणी, कोणी लेगिंग्जमध्ये, एक सलवार खोचून, एक डोक्याला घट्ट रुमाल बांधून. आमच्या गल्लीतल्या त्या दोघींपैकी एक काकूही वॉकला आल्या होत्या. त्यांनी बघितलं. बहिणीने लांबूनच हात केला. "काकू, टाइम बघा बरं माझा!" काकू गोंधळल्या. मग खरंच मनगटावरच्या घड्याळात बघायला लागल्या!

दोन मिनिटं अठ्ठावन्न.

माझ्या मोबाइलमध्ये. काकूंच्या घड्याळात तीन मिनिटं. पण काकू म्हणाल्या, "अजून जोरात पळाली असती, ती पँट लई ढगळी आहे."

कसं जाल, काय कराल?

मुंबईहून वंदे भारत किंवा रात्रीच्या गाड्या. छत्रपती संभाजीनगरहून जालना साठेक किलोमीटर, एसटी भरपूर. स्वतःची गाडी असेल तर समृद्धी महामार्ग जालन्यावरूनच जातो. शहरात गढी, काळी मशीद, मोती बाग. जिल्ह्यात राजूर, अंबड, जांब समर्थ. इतिहासाचा किडा असेल तर १८०३ च्या इंग्रज-मराठे लढाईचं असई गावही याच जिल्ह्यात. हिवाळ्यात हुरडा सोडू नका, एरवी येसर आमटी आणि भाकरी. उन्हाळ्यात शक्यतो जाऊ नका, गेलातच तर मोसंबीचा रस प्या आणि डोक्याला काहीतरी बांधा.

बांधा म्हणजे, विनंती आहे. सक्ती नाही.